डहाळा सोडा, डॉक्टर जोडा

६ जानेवारी, सोमवार

कुणाला तरी सांगायला हवं, नाहीतर माझं डोकं फुटेल, म्हणून ही वही. साड्यांच्या थप्पीखाली ठेवणार आहे. सासूबाईंना माझ्या साड्यांचे रंग मुळीच आवडत नाहीत, त्यामुळे तिथे कुणाचा हात जायची भीती नाही.

मला दिवस गेले आहेत. शनिवारी डॉक्टर मॅडमनी ठोका दाखवला. मोहरीएवढं काहीतरी लुकलुकत होतं. प्रज्ञेश स्क्रीनवर इतका वाकला की मॅडम म्हणाल्या, “अहो, जरा मागे सरा, मलाही बघू द्या.”

याआधी दोनदा हे झालंय. दोन्ही वेळा मी गावभर सांगत सुटले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना संपायच्या आत सगळं संपलं. मग मुख्याध्यापकांपासून भाजीवालीपर्यंत प्रत्येकाने मान तिरकी करून माझी विचारपूस केली. पोट रिकामं झाल्याचं दुःख होतंच, पण ती तिरकी मान मला परत सोसायची नाही. यावेळी प्रज्ञेशशिवाय कुणालाही कळता कामा नये, सासूबाईंनासुद्धा. फेब्रुवारी अर्धा उलटला की बघू.

आणि नेमका आजच गंगाधर सरांचा फोन. ते आमचे केंद्रप्रमुख, मळवलीच्या आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांतल्या शाळा त्यांच्या हाताखाली. वरून आदेश आलाय की पालकांना आरोग्याच्या आणि सुरक्षेच्या सूचना नियमित द्यायच्या. “अमृता मॅडम, तुमच्या भाषेला धार आहे. सगळ्या शाळांच्या पालक गटांवर तुम्हीच लिहायचं.” नाही म्हणायला कारण लागतं. माझ्याकडे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हो म्हणाले.

९ जानेवारी, गुरुवार

लगेच काम निघालं. दुसरीतल्या चैतालीला कांजिण्या झाल्या. कार्ल्याच्या पायथ्याशी भज्यांची गाडी लावणाऱ्या दत्तोबांची ती नात. स्वतः दत्तोबा शाळेत येऊन सांगून गेले, “बाई, देवी आल्यात घरात, पोरगी यायची न्हाई.” माझ्या कपाळावर आठ्या. देवी कसल्या, विषाणू आहे तो!

वाडीत तीन-चार घरांच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे लोंबताना दिसले. आमच्या माहेरी इंदुरीला किंवा सासरी असलं काही नाही. आम्ही बौद्ध, आजोबांच्या पिढीनेच ते सगळं सोडून दिलं. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना विचारलं तेव्हा कळलं, की घरात देवी आल्या की दाराला लिंब बांधायचा, परक्याने आत जायचं नाही, पोराला फणी लावायची नाही आणि चुलीवर फोडणी द्यायची नाही. “फोडणीचा चरचराट आईला सहन व्हत न्हाई,” म्हणाल्या. मी हसले. एकविसाव्या शतकात देवीला फोडणीचा त्रास!

घरी येऊन एका बैठकीत सूचना लिहिली. कांजिण्या हा देवीचा कोप नाही, दाराला पाला बांधून आजार बरा होत नाही, डॉक्टरांकडे जा, आजार लपवू नका, शाळेला कळवा. खाली घोषणा दिली: ‘डहाळा सोडा, डॉक्टर जोडा.’ आणि माहिती पारदर्शक हवी म्हणून शेवटी लिहिलं, की इयत्ता दुसरीतील चैताली हिला लागण झाली असून तिच्या घरच्यांशी जवळचा संपर्क टाळावा.

गंगाधर सरांनी तीन टाळ्या आणि एक नमस्कार पाठवला.

१३ जानेवारी, सोमवार

प्रभातफेरी झकास झाली. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. दुसरीतला समर्थ सगळ्यांच्या पुढे, हातात फलक त्याच्या उंचीपेक्षा मोठा. त्याची आई हिरा एका बंगल्याच्या फाटकात उभी राहून कौतुकाने बघत होती. ती आणि तिचा नवरा मारुती त्या बंगल्याचे केअरटेकर आहेत. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे उतरतात, त्यांचं सगळं हेच दोघं बघतात.

आमची घोषणा दुसऱ्या केंद्रांनीही उचलली आहे. माझी घोषणा! मला हे मान्य करायला लाज नाही की मी ती दिवसभर मनात म्हणत होते.

सासूबाईंना हल्ली काय झालंय कळत नाही. सकाळी माझ्या हातातली पाण्याची बादली हिसकावून घेतली. “तू राहू दे, तुला जमायचं न्हाई.” सात वर्षं जमतंय की! संध्याकाळी वरच्या मजल्यावरची ऋचा आली. प्रमोदिनीकाकूंची ही लेक माहेरी बाळंतपणाला आलीय, आठवा लागलाय. तिला सासूबाईंच्या हातचं चिंचेचं सार लागतं, रोज खाली उतरून वाटीभर पिते. मी नाक दाबून उलटी आवरत तिचं कौतुक ऐकत होते. ती गेल्यावर सासूबाईंनी माझ्यापुढेही वाटी आदळली. “उरलंय, टाकून द्यायचं का?” वाटी मी चाटून पुसून साफ केली.

१७ जानेवारी, शुक्रवार

दत्तोबा आले होते. वर्गाच्या दाराशीच उभे राहिले. म्हणाले, “बाई, गटावर नाव टाकायला नको व्हतं. गाडीवर कुत्रं फिरकंना. बोहनी न्हाई.” मी समजावलं, की पालकांना माहिती मिळणं हा त्यांचा हक्क आहे आणि आपण आजार लपवला तर तो पसरतो. ते म्हणाले, “लपवला कुटं? मीच तर सांगाया आलतो.” मग टोपी सारखी केली आणि गेले.

लोकांना चांगलं सांगावं तरी राग येतो.

२१ जानेवारी, मंगळवार

आज वाडीत गृहभेटी. समर्थ चार दिवस गैरहजर होता, म्हणून मुद्दाम त्या बाजूला गेले. आणि काय सांगू, अख्ख्या वाडीत एकाही दाराला लिंब नाही! बारा-तेरा दिवसांपूर्वी याच गल्लीत डहाळे लोंबत होते. मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटली. कुठल्याही शाळेकडून नवीन लागण कळलेली नाही. सरांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, “मॅडम, हे यश कागदावर आणलं पाहिजे.”

हिरा बंगल्यामागच्या खोलीत राहते. मला पाहून लगबगीने बाहेर आली आणि ओट्यावर सतरंजी टाकली. “बाई, हितंच बसा की, वारं हाय.” मी म्हटलं, “अगं, बाहेर कशाला, मी काय परकी आहे का?” आणि गेलेच आत. दाराच्या चौकटीला खिळा होता, त्याला सुतळीचा तुकडा लोंबत होता, तो माझ्या केसांत अडकला.

समर्थ कोपऱ्यात गोधडी घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपला होता. “पोटात दुखतंय त्याच्या,” हिरा म्हणाली. मी त्याच्याजवळ बसले, पाठीवरून हात फिरवला, मराठीतली कविता म्हणून दाखवली. पोरगं हललं नाही. खोलीला एकच झरोका आणि तोही बंद. हिराने जेवायचा आग्रह केला नाही, पण भूक अशी काही लागते हल्ली, की मीच चुलीवरच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. मुगाचं वरण होतं, पांढरंफटक, ना हळद ना फोडणी. पोट दुखणाऱ्या पोरासाठी ठीक आहे. मी वाटीभर ओरपलं आणि बराच वेळ तिथे पाय पसरून बसले. हिरा सगळा वेळ दारात उभीच होती. गरिबीचा संकोच, दुसरं काय.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. गंगाधर सरांनी माझा सत्कार केला, ‘कांजिण्यामुक्त केंद्र’ म्हणून. नारळ आणि शाल. घरी नारळ वाढवताना सासूबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. बादली झाली, आता नारळ.

समर्थ झेंड्याला आला नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार



सकाळची शाळा होती. हजेरी घेताना समर्थ उभा राहिला, “हजर बाई.” मी वर बघितलं. त्याच्या कपाळावर, गालांवर, मानेवर काळसर डाग. सुकलेले, खपल्या पडून गेलेले. मी त्याला जवळ बोलावलं, शर्ट वर केला. पोटावरही. माझ्या हातातला पेन खाली पडला आणि बाकीची पोरं तो शोधायला बाकांखाली शिरली.

शाळा सुटल्याबरोबर हिराकडे गेले. ती बंगल्याच्या पायऱ्या पुसत होती. आज पाहुणे यायचे होते. मी फाटकातूनच ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. माझ्या जन्मात मी कुणा पालकावर असा आवाज चढवला नव्हता.

“कांजिण्या होत्या त्याला! आणि तू मला पोटात दुखतंय सांगितलंस!”

ती पोछा हातात घेऊन उभी राहिली. “व्हय बाई.”

“मी आत बसले. त्याला थोपटलं. का नाही सांगितलंस?”

“सांगाया लिंब व्हता की, बाई. पोराला पुरळ दिसल्या दिसल्या मी बांधला व्हता. पोरगंच रडाया लागलं, बाईंनी डहाळा सोडा म्हटलंय म्हनून. बंगल्याचं मालक बी म्हनलं, आता तुमच्या शाळेचंच सांगनं हाय, काडून टाक, पाव्हणं बघत्यात. मग काडला.”

“मग शाळेत कळवायचं! मी लिहिलं होतं ना, कळवा म्हणून?”

“दत्तोबांनी कळवलं व्हतं.” ती एवढंच म्हणाली.

माझा हात पोटावर गेला. मी नेला नाही, तो गेला. हिराने ते पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग उडाला आणि पोछ्याचं पाणी तिच्या पायांवर ठिबकत राहिलं.

“बाई... कितवा?”

मी उत्तर दिलं नाही. ती खालीच बसली, ओल्या पायरीवर.

“तुमी आदी सांगितलं असतं तर म्या तुमाला उंबरा वलांडू दिला नसता. पाया पडले असते, पर आत घेतलं नसतं. आमच्यात पोटुशी बाई लिंब असलेल्या घराम्होरनं बी जात न्हाई. म्या दारात उबी ऱ्हाऊन मनात म्हनत व्हते, बाईंनी उठावं आता, उठावं.”

तिला रडू आवरेना आणि मला एक थेंब येईना. स्टेशनवर येऊन बसले. समोरून गाडी निघून गेली तरी बसूनच होते.

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला: लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? एकदा झाल्या असतील तर परत होत नाहीत, मग घाबरायचं कारण नाही. मला माहीत नाही. हे आईला माहीत असतं, आणि आई जाऊन नऊ वर्षं झाली. इंदुरीला अप्पांना फोन केला. ते म्हणाले, “तुमचं दुखणंखुपणं तीच बघायची गं. मी कधी इचारलंच न्हाई.”

रक्त पुण्याला पाठवलंय. मॅडम म्हणाल्या, पोराच्या संपर्कात आल्यावर दहा दिवसांच्या आत समजलं असतं तर एक इंजेक्शन देऊन बघता आलं असतं. आता तो काळ गेला.

मधल्या त्या दिवसांत मी शाल पांघरून फोटो काढून घेत होते.

५ फेब्रुवारी, बुधवार

मला लहानपणी झालेल्या नाहीत.

आता फक्त वाट बघायची. निघाल्या तर निघाल्या. मॅडम खोटा धीर देणाऱ्यांतल्या नाहीत. बाळाला धोका कमी आहे, म्हणाल्या, पण अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. मोठी सोनोग्राफी पाचव्या महिन्यात, तेव्हा नीट दिसेल. तोवर ताप किंवा पुरळ दिसला की लगेच फोन. आणि आजपासून कुणाजवळ जायचं नाही, कारण पुरळ दिसायच्या आधीच माझ्यापासून दुसऱ्याला लागू शकतं. प्रज्ञेशला आणि सासूबाईंना होऊन गेल्यात, ते सुटले.

म्हणजे मी या खोलीत. दहा बाय दहा, एक खिडकी, खिडकीत हायवेचा आवाज. शाळेत कळवलं, ताप आहे. सासूबाईंना सांगितलं, शाळेत कांजिण्यांच्या पोराजवळ गेले होते म्हणून डॉक्टरांनी खोलीत राहायला सांगितलंय. बाकी काही नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, काहीतरी बोलतील असं वाटलं, पण ताट ठेवून गेल्या.

मी मागून हाक मारून म्हटलं, “आई, शेजारी कुणाला सांगू नका. उगाच चौकशा सुरू होतील.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर उताणी पडून छताकडे बघते. दर थोड्या वेळाने हात-पोट तपासते. डास चावला तरी दिवा लावून बघते. पोटाला सांगते, तू घट्ट बस. मग वाटतं, त्याला काय कळतंय, आणि त्याला कळत असेल तर माझ्यासारख्या आईबद्दल ते काय म्हणत असेल!

पोषण आहाराच्या मावशींना फोन करून खरं काय ते विचारलं. आढेवेढे घेत त्यांनी सांगितलं. वाडीत जानेवारीभर कांजिण्या होत्याच. दाराआड. पाहुणे येत-जात होते, बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला जात होत्या, कारण कुठल्या घरात जायचं नाही ते कुणाला कळतच नव्हतं. मी कांजिण्या नाही थांबवल्या. मी फक्त त्या दिसायच्या बंद केल्या.

संध्याकाळी सासूबाई दाराबाहेर पाट टाकून बसल्या. मी आतून त्यांना लिंबाचं सगळं सांगितलं, पोटाचं सोडून. मला वाटलं, त्या म्हणतील, बरं केलंस, ती जुनाट खुळं काढायलाच हवीत. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली घरातले सगळे देव नदीत सोडले होते, हे त्या अभिमानाने सांगतात.

त्या म्हणाल्या, “आमच्या आईनं बी लिंब सोडला. आन् त्याच साली माझ्या थोरल्या भावाला कांजण्या निघाल्या. आता लोकांना कळावं कसं? तर तिनं बाज काडली आन् दारात आडवी टाकली. आडवी बाज दिसली की समदी वाडी वळखायची, आत आजारी हाय. देवीचं काई नव्हतं त्यात. पर येनाऱ्या-जानाऱ्याला सांगाया तर पायजे, पोरी.”

मी मोबाईल हातात घेतला.

रात्रीच्या जेवणाआधीच नवी सूचना लिहिली. डॉक्टरांकडे जायचंच आहे, पण ज्या घरात कांजिण्या असतील त्यांनी दाराला लिंबाचा डहाळा बांधावा. ज्यांना तो बांधायचा नसेल त्यांनी दारात बाज आडवी टाकावी. मुलाचं नाव शाळेला कळवलं नाही तरी चालेल, आम्ही कुणाचंही नाव गटावर टाकणार नाही. दत्तोबा आणि चैतालीची मी माफी मागते. खूण असलेल्या घरात कुणी जाऊ नये, गरोदर बाईने तर मुळीच नाही. याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली होती: मी स्वतः गरोदर आहे. ती पुसली. मग बाकीची सूचना सगळ्या गटांवर टाकली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गंगाधर सरांचा फोन. आवाज नेहमीसारखाच मऊ. “मॅडम, पंधरवड्यापूर्वी आपण तुमचा सत्कार केला. आता तुम्हीच डहाळा बांधा म्हणताय. वरून विचारणा झाली तर मी काय उत्तर देऊ? ताबडतोब काढा ते.”

“सर, ती खूण आहे. आपण सूचना फलक लावतो ना, तसंच.”

“अहो, पण आपण अंधश्रद्धा पसरवतोय असा अर्थ निघतो त्याचा! आणि केंद्र कांजिण्यामुक्त म्हणून कळवून बसलोय मी. तुम्ही असं का करताय, मला खरंच समजत नाहीये. काही अडचण आहे का तुमची?”

आता सांगता आलं असतं. पण मी म्हणाले, “नाही सर.”

दुपारी त्यांनीच सूचना काढून टाकली आणि मलाही सगळ्या गटांमधून काढलं. माझ्या भाषेला धार आहे म्हणणारे हेच सर! खोलीत मोबाईल घेऊन बसले होते, तोही आता मुका झाला.

संध्याकाळी हिराचा निरोप आला, आवाजातला. तिला लिहिता येत नाही फारसं. “बाई, तुमची सूचना पुसायच्या आदी म्या ती ऐकून घेतली व्हती समर्थकडनं. बोलून समद्या बायांना पाठवलं. आपल्या गल्लीत चार दारांना लिंब लागलाय. मालकाला बी सांगितलं, पाव्हण्यात एखादी पोटुशी बाई असली तर काय करशीला? गप बसलं. तुमी कशा हाय?”

मी परत परत ऐकलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे अंग मोडून ताप. उजेड झाल्यावर बघितलं, बेंबीच्या वर तीन फोड, पाण्याच्या थेंबासारखे. दुपारपर्यंत पाठ भरली.

मॅडमनी गोळ्या सुरू केल्या. श्वासाला त्रास झाला तर क्षणभरही थांबायचं नाही, थेट दवाखाना. प्रज्ञेश कामावर गेला नाही. माझ्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होता आणि रडत होता, आणि मी त्याला म्हणत होते, पाणी डोळ्यात जातंय रे माझ्या.

खाज सुटलीय. पोटावर सगळ्यात जास्त. पोटावर नख लावायला हात धजत नाही, आत कुणी दचकेल असं वाटतं.

९ फेब्रुवारी, रविवार

हे आत्ताच लिहून ठेवते.

ताप थोडा उतरला होता. प्रज्ञेश औषध आणायला बाजारात गेला होता. हवेसाठी माझ्या खोलीचं दार किलकिलं होतं आणि पलीकडचं बाहेरचं दार सताड उघडं, सासूबाई जिन्यावर केर काढत होत्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. वरून चपलांचा आवाज आला. सावकाश, एकेक पायरी, मध्ये दम घेत. हा आवाज मला पाठ आहे. चार दिवस ऋचा आली नव्हती, सासूबाई तिला कसली ना कसली कारणं सांगून वरच्यावर परतवत होत्या.

“मावशी, आज तरी सार मिळणार का? आज मी आत येऊन बसणारच आहे हं!”

शेजारी कुणाला काही सांगू नका, असं मीच म्हटलं होतं. साऱ्या वाडीला लिंब बांधायला लावणाऱ्या बाईच्या स्वतःच्या दाराला काहीही नव्हतं. सासूबाई शब्द पाळून गप्प होत्या. आणि पोर आठवा महिना घेऊन उंबऱ्याकडे येत होती.

मी कसा आवाज काढला मला माहीत नाही. “आई, बाज टाका! आडवी टाका!”

केरसुणी पडल्याचा आवाज. मग आमची लोखंडी घडीची खाट फरशीवरून ओढत नेल्याचा कर्कश आवाज, आणि ती दाराच्या चौकटीवर धाडकन आदळली.

“मावशी, हे काय?” ऋचा घाबरली होती.

“तितंच थांब, पोरी. एक पायरी बी खाली येऊ नगं.” सासूबाईंना धाप लागली होती. “आमच्या सुनंला कांजण्या निघाल्यात. तू माघारी जा, आन् डाक्टरला फोन करून सांग. आमचं चुकलं, आदीच सांगाया पायजे व्हतं.”

मला वाटलं, संपलं. पण त्या थांबल्या नाहीत. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“दोन जिवांची हाय ती. तुझ्यावानीच.”

मी पलंगावर उठून बसले. ऋचाच्या चपला वर जाऊ लागल्या, पहिल्यापेक्षा भराभर, आणि वरच्या मजल्यावर प्रमोदिनीकाकूंचं दार उघडलं आणि बंद झालं.

मी खोलीच्या दारापर्यंत गेले आणि फटीशी खाली बसले. बाहेर सासूबाई आडव्या खाटेवरच बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे, तोंड जिन्याकडे.

“आई, तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोन सांगनार? तू चिंचेचं सार वाटी चाटून प्यालीस तवाच कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू सांगशील म्हनून थांबले. मागल्या दोन्ही वक्ताला मी लय बोलले, सगळ्यांम्होरं. मला वाटलं, म्हनूनच सांगत न्हाई.”

मला हुंदका फुटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बाळाचं काय होणार मला माहीत नाही, डॉक्टर मॅडमनाही माहीत नाही, आणि पाचवा महिना लागेपर्यंत कुणालाच कळणार नाही. मी घाबरले आहे. हे मी मोठ्याने म्हणाले, “आई, मला भीती वाटते.”

“मला बी,” त्या म्हणाल्या, आणि खाटेवर नीट मांडी घालून बसल्या.

जिन्यात पुन्हा पावलं वाजली. वरून प्रमोदिनीकाकू दोन पायऱ्या उतरून थांबल्या असाव्यात. “भागुबाई,” त्यांनी तिथूनच विचारलं, “कितवा लागलाय अमृताला?”

सासूबाईंनी मागे वळून दाराच्या फटीकडे पाहिलं. उत्तर मी द्यायचं होतं.

“तिसरा,” मी आतून म्हणाले.